वन्सं, मी आणि पॉलिशची पॅडं

३ फेब्रुवारी

लेकीने फोनवर पुन्हा विचारलं, "आई, लिहितेस का गं काही?" तिने पाठवलेली ही डायरी महिनाभर कोरीच पडून होती. लिहायला काही घडायला तर हवं! हॉस्पिटलची लाँड्री बंद झाल्यापासून माझ्या दिवसाला ना शेंडा ना बुडखा. आता म्हणे सगळ्या चादरी बाहेरची कंपनी धुते. गाडी येते, गाठोडी घेऊन जाते.

आज मात्र घडलं. वन्संने घरी आल्या आल्या पिशवीतून काहीतरी काढून माझ्यापुढे टाकलं. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांच्या पाठची बहीण. माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे, पण मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, नणंदेला वन्संच म्हणायचं. अहो-जाहो वर्षभरात गळून पडलं, नाव तेवढं चिकटून राहिलं. सासूबाई गेल्या, पुढे हे गेले, लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. घरात आता आम्ही दोघीच. तिने लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर सांगते, "वहिनीसारखी सासू मिळेना."

तर ती वस्तू. गोल, चपटी, बशीपेक्षा थोडी मोठी, खापरासारखी कडक. एका बाजूला राखाडी गुठळ्या.

"ओळख पाहू."

"मेलेलं मांजर?"

"गाडी पॉलिश करायचं लोकरीचं पॅड. मशीनला लावून फिरवतात. कोपऱ्यावरच्या पॉलिशवाल्यांकडे गेले होते ना, गाडीचं कव्हर शिवायला." वन्सं घरी शिलाई-दुरुस्तीची कामं घेते. "त्यांच्याकडे असली खोकंभर पडलीयत. पॉलिश आत वाळून त्याचा दगड झाला की टाकून देतात. मी म्हटलं, थांबा, आमच्या वहिनीला दाखवते. तिच्या हातून ऑपरेशनच्या चादरी निघाल्यात, हे तर काहीच नाही."

"हे निघणार नाही," मी म्हटलं, आणि बादली भरायला उठले.

६ फेब्रुवारी

निघालं!

पहिलं पॅड मी मारलं, हे मान्य करते. डाग दिसला की लाँड्रीवाल्यांचा हात गरम पाण्याकडे जातो. पॅडच्या मागे वेल्क्रोची चकती असते, कर्रकन उघडणारी. कढत पाण्यात तिचा गोंद सुटला आणि ती वर तरंगायला लागली. गुठळ्या मात्र जिथल्या तिथे. वन्सं दारात उभी राहून म्हणाली, "पेशंट गेला वाटतं."

तिने दुसरं आणून दिलं. या वेळी पाणी कोमट घेतलं, त्यात अंगाच्या साबणाचा चुरा, आणि भरपूर वेळ भिजू दिलं. मग अंगठ्याने मधून कडेकडे चोळत गेले. पहिलं पाणी ओल्या सिमेंटसारखं, दुसरं दुधाळ, नंतर नंतर नुसतं धुरकट. खालचा तळ दिसेपर्यंत पाणी बदलत राहिले. पिळायचं नाही, दोन तळव्यांत धरून दाबायचं, हे कुणी न सांगता कळलं. बाळंतिणींच्या वॉर्डमधल्या लोकरी शाली आम्ही तशाच दाबायचो. शेवटी जुन्या कंगव्याने विंचरलं आणि सावलीत ठेवलं.

वाळल्यावर पांढरंशुभ्र! आणि काय मऊ! मी गालाला लावून बघितलं. वन्संने ते बघितलं. नंतर मी आत गेल्यावर तिनेही लावून बघितलं असणार, कारण पॅड जागचं हललेलं होतं.

माझ्या बोटांच्या टोकांना आज पुन्हा सुरकुत्या पडल्या. कितीतरी वेळ बघत बसले होते त्या.

११ फेब्रुवारी

पॉलिशवाल्यांकडे जाऊन आलो. उंच माणूस, पण मशीनवर वाकून वाकून उजवा खांदा उतरलेला. एकटेच काम करतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, दुकानामागच्या खोलीतच राहतात. बोलणं कमी. गिऱ्हाईक आलं की एकच वाक्य, "आरसा करून देतो." वन्संने त्यांचं नाव आरसेवाले ठेवलंय.

त्यांनी धुतलेलं पॅड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग बोटं लोकरीत घालून मुळापर्यंत बघितलं. मला तेव्हाच माणूस पटला. वरवर बघून "छान छान" म्हणणाऱ्यांचा मला तिटकारा आहे.

"आठवड्याची सगळी तुमच्याकडे देतो," ते म्हणाले.

"आणि एक सांगते," मी म्हटलं, "वाळू देऊ नका. काम संपलं की लगेच झाकणाच्या डब्यात पाण्यात टाका. वाळलेला डाग म्हणजे रुसलेला माणूस, जितका उशीर तितका जड."

ते हसले. वन्संकडे बघून म्हणाले, "तुमच्या वहिनी कडक आहेत."

"पण वेल्क्रोसारख्या नाहीत," वन्सं म्हणाली. "गरम झाल्या तरी सुटत नाहीत."

मला यात एवढं हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. दोघं बराच वेळ हसत होते.

१८ फेब्रुवारी

लोकरीच्या पॅडांशिवाय स्पंजचीही असतात. रंग वेगवेगळे, जाड स्पंज ओरखडे काढायला, मऊ स्पंज शेवटच्या चकाकीला. स्पंज पाणी फार धरून ठेवतो, वाळता वाळत नाही. आरसेवाले आज स्वतः मशीन घेऊन घरी आले, युक्ती दाखवायला. पॅड मशीनला लावायचं, रिकाम्या बादलीत खोल धरायचं आणि कमी वेगाने फिरवायचं. सगळं पाणी बादलीच्या भिंतीवर उडून जातं.

वन्सं म्हणाली, मी करते. तिने मशीन चालू केलं आणि मग बादलीतून वर उचललं. मी, आरसेवाले, भिंत, छत, कॅलेंडर, सगळ्यांची आंघोळ. आरसेवाल्यांच्या भुवयांवरून पाणी ठिबकत होतं आणि वन्सं भिंतीला टेकून, पोट धरून, आवाज न फुटता हसत होती. ती कॉलेजात होती तेव्हा अशी हसायची. हे म्हणायचे, हिला पाणी पाजा कुणीतरी, नाहीतर श्वास अडकेल.

भिंत पुसायला पुष्कळ वेळ गेला. आरसेवाले थांबून मदत करत होते. चांगला माणूस.

२ मार्च

आणखी दोन गॅरेजवाले पॅडं पाठवायला लागले. आता शिस्त हवीच. लाँड्रीचा नियम मी घरात आणला: मळकी बाजू आणि स्वच्छ बाजू. मळकं न्हाणीच्या दाराने येणार, धुतलेलं गॅलरीच्या दाराने जाणार, दोघांची गाठ पडता कामा नये. जाड पॉलिश लागलेल्या पॅडाशेजारी शेवटच्या चकाकीचं पॅड भिजवायचं नाही. एक कण जरी इकडचा तिकडे गेला तरी गाडीवर गोल गोल ओरखडे उठतात. वाळायला ठेवताना स्पंज खाली, वेल्क्रो वर, म्हणजे पाणी गोंदात मुरत नाही. वाळलं की लगेच झाकणाच्या डब्यात. कोणत्या पॅडाला कोणतं पॉलिश लागतं ते वन्सं डब्यावर लिहिते, तिचं अक्षर मोत्यासारखं.

आज डबे लावताना लाँड्रीची फार आठवण आली. मशीनांचा आवाज इतका की आम्ही सगळ्या ओरडूनच बोलायचो. पुढे ती सवय घरीही आली आणि हे कानात बोटं घालून बसायचे. थंडीत जेवणाची सुट्टी झाली की गरम चादरींच्या खोलीत घुसायचं, कपाटाला पाठ लावून उभं राहायचं. बाळांची दुपटी आम्ही मुद्दाम सगळ्यात शेवटी घडी घालायला ठेवायचो. दिवसभर आजाऱ्यांचं धुतल्यावर ते तोंड गोड केल्यासारखं वाटायचं. आणि कामाची पाळी संपली की फाटकाशी वन्सं उभी असायची, लेकीला कडेवर घेऊन. दुरूनच म्हणायची, "ही बघ आली, वाफाळलेली."

मी तेव्हा दमून गेलेली असायचे. किती सुखात होते ते कळत नव्हतं.

१३ मार्च

आरसेवाल्यांना काय झालंय कळत नाही. आधी आठवड्याची पॅडं एकदम द्यायचे. आता रोज एक देतात. एक! आणि तेही असं बरबटलेलं, की जणू गाडीला न लावता सगळं पॉलिश पॅडालाच फासलंय. एवढा जुना कारागीर आणि पॉलिश किती घ्यायचं ते कळू नये? मी वन्संला म्हटलं, "सांग त्यांना, वाटाण्याएवढे चार ठिपके पुरतात, त्यांनीच तर आपल्याला सांगितलं होतं."

"सांगते," ती म्हणाली.

पोचवायला-आणायला तीच जाते. कोपऱ्यापर्यंत जायचं तर किती वेळ लागावा? आज चहा दोनदा गरम केला आणि शेवटी एकटीनेच प्यायले. आली तेव्हा म्हणाली की एका गाडीला पॉलिश चालू होतं, बघत उभी राहिले. गाडी बघण्यासारखं काय असतं?

चष्म्याची फ्रेम बदललीय तिने. जुनीला काय झालं होतं, विचारलं तर म्हणाली, "नाकावर रुतायची." पंधरा वर्षं नाही रुतली ती.

२१ मार्च

मनात येतं ते लिहून टाकते. मला वाटतं वन्सं पॉलिशचं काम शिकतेय आणि माझ्यापासून लपवतेय. काल तिच्या बोटांना पॉलिशचा वास होता. परवा बोलता बोलता म्हणाली, "मशीन दाबायचं नसतं, त्याच्या वजनाने चालू द्यायचं असतं." हे तिला कुणी सांगितलं? तिला पॅडं धुण्यात रस उरला नाही, पण मला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. वेगळं काही करायचं असेल तर करावं की. मी काय अडवणार आहे? पण सांगावं तरी.

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. उशीर, फ्रेम, वास, आणि गुणगुणणं. हो, हल्ली इस्त्री करताना गुणगुणते.  लेक म्हणाली, "आई, तुला खरंच कळत नाही?"

"काय कळायचंय?"

"काखेत कळसा नि गावाला वळसा," म्हणाली आणि हसत सुटली. हल्लीच्या मुलांना आईच्या काळजीचं हसूच येतं.

२९ मार्च

वाईट दिवस.

आरसेवाल्यांकडे काळी गाडी होती, नव्यासारखी. शेवटचा हात फिरवताना बॉनेटवर गोल ओरखडे उठले, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे. पॅड आमचं होतं, म्हणून मला बोलावून घेतलं. मी तिथेच ते बोटांनी चाचपलं. स्पंजात वाळूसारखं काहीतरी कचकचलं. शेजारच्या घराची भिंत रंगवायच्या आधी घासताहेत, ती धूळ. पॅडं गॅलरीत होती. घासणं सुरू व्हायच्या आत ती उचलून डब्यात ठेवायची, असं मी वन्संला काल सकाळी सांगून बाजारात गेले होते. ती एक पॅड पोचवायला म्हणून गेली आणि वेळेत परतली नाही.

गाडीचा मालक तावातावाने बोलत होता. आरसेवाले एवढंच म्हणाले, "पॅड तपासून घेणं माझं काम होतं. ते मी केलं नाही. दोन दिवस द्या, आरसा करून देतो." आमचं नावही काढलं नाही. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर मात्र माझा तोल गेला. "तुझं लक्ष असतं कुठे हल्ली? सगळं आयुष्य मी स्वच्छ बाजू सांभाळली, कुणाला बोट दाखवू दिलं नाही! एवढंच आवडतं ना तिथे, तर तिथेच राहा जाऊन!"

वन्सं आधी पांढरी पडली आणि मग कानापर्यंत लाल झाली.  आत गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

३१ मार्च

दोन दिवस ती त्या दुकानातच आहे. सकाळी जाते, संध्याकाळी येते, जेवते, झोपते. म्हणाली, "ओरखडे माझ्यामुळे पडले, मी बसून काढणार." आज मी जेवायचा डबा घेऊन गेले, पण आत गेले नाही, दारातूनच बघितलं. ती मशीन धरून होती, आरसेवाले शेजारी उभे राहून कापडाने पुसत होते. दोघं बोलत नव्हते. तिने हात पुढे केला की हवं ते कापड त्यांनी तिच्या हातात ठेवलेलं असायचं, मागावं लागत नव्हतं. लाँड्रीत मोठ्या चादरींची घडी घालताना मला आणि माझ्या जोडीदारणीला असं जमायला वर्षं लागली होती.

वन्सं जात्याच हुशार. काम लवकर उचलते.

डबा उंबऱ्यावर ठेवून परत आले. घरी आल्यावर उगीचच रडू आलं. वाटलं, ही आता माझी राहिली नाही. मग स्वतःलाच विचारलं, माझी म्हणजे काय? ती काय चादर आहे?

२ एप्रिल

गाडी गेली, मालक खूश होऊन गेला. आमच्यातलंही मिटलं, म्हणजे कुणी काही न बोलता मिटलं. तिने सकाळी माझ्या डोक्याला तेल लावलं. मी म्हटलं, "तिथेच राहा म्हणाले ते रागात म्हणाले होते."

"माहीत आहे गं," ती म्हणाली, आणि हात क्षणभर थांबला.

९ एप्रिल

दुपारी वन्संला कापड आणायला जायचं होतं. ती गेली आणि पाठोपाठ आरसेवाले आले. धुतलेला शर्ट, हातात पिशवी. मी पिशवी उघडली. आत पॅडं. एकेक बाहेर काढलं आणि चक्रावले.

"अहो, ही तर धुतलेली आहेत."

"हो."

"मग कशाला आणलीत?"

त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मला वाटलं, झालं, काम बंद करायला आलेत. त्या काळ्या गाडीचा राग शेवटी निघाला.

"विचारायचं होतं," ते म्हणाले. "तुमच्या वन्संबद्दल."

"तिला कामावर ठेवायचंय ना? मग तिलाच विचारा. मी काय तिची मालकीण आहे?"

"त्यांना विचारलं. त्या नाही म्हणाल्या."

"नाही? का?"

"म्हणाल्या, वहिनीला सोडून कुठे जाणार नाही." मग खाली बघत म्हणाले, "कामाचं नव्हतं विचारलं मी."

मी हातातल्या पॅडाकडे बघत राहिले. स्वच्छ पॅड. रोज एक, मुद्दाम बरबटवलेलं. चष्म्याची फ्रेम. गुणगुणणं. लेकीचं हसणं. एखादी घडी उलगडावी तसं सगळं एकापाठोपाठ एक उलगडत गेलं आणि मला माझीच इतकी लाज वाटली, की मी उठून चहा ठेवायला गेले आणि चहात साखर घालायची विसरले. त्यांनी तो तसाच प्यायला. चांगला झालाय म्हणाले.

मी कपबशी विसळत राहिले. ते पॅडं इथेच विसरून गेले.

१० एप्रिल

आज लिहवत नाही.

१२ एप्रिल

इथे खोटं लिहून काय मिळणार? तर खरं हे: मी गप्प राहिले तर काहीच बदलणार नाही. ती "नाही" म्हणालीच आहे. मी पुढे होऊन काही केलं नाही तर वन्सं इथेच राहील, सकाळी चहा होईल, दोघी मिळून पॅडं धुऊ, म्हाताऱ्या होऊ. माझं काही चुकलं असंही कुणी म्हणणार नाही. दोन दिवस मी हेच घोळवतेय आणि प्रत्येक वेळी थोडं बरं वाटतं. ते बरं वाटणं मला आवडत नाही.

काल लेकीचा फोन वन्संने घेतला. मी न्हाणीत होते, तिला वाटलं पाण्याच्या आवाजात मला ऐकू येणार नाही. पण मशीनांच्या गोंगाटात कान तयार झालेत माझे. ती म्हणत होती, "नाही गं बाई, वेड लागलंय का? तुझ्या आईला एकटीला जेवण जात नाही. ताटावर बसून राहते नुसती."

खरं आहे ते. ह्यांच्यानंतर कितीतरी महिने ती माझ्यासमोर बसून माझा घास संपेपर्यंत काहीबाही बोलत राहायची. शेजाऱ्यांच्या नकला करायची. मला वाटायचं, तिला बोलायची हौस.

१४ एप्रिल

आज मी स्वतः गेले. ती विसरलेली पॅडं घेऊन.

दुकानात इतकी वर्षं जाता-येता डोकावले असेन, पण आज पहिल्यांदा नीट बघितलं. दाराशी उजेडात एक खुर्ची, तिच्यावर कापडाच्या तुकड्यांची गादी. ते तुकडे मी ओळखले, आमच्याच शिलाईतले. फळीवर झाकणाचे डबे, त्यांच्यावर मोत्यासारखं अक्षर. मळकी पॅडं एका भिंतीला, स्वच्छ दुसऱ्या भिंतीला. माझी लाँड्रीच होती ती, लहानशी.

आरसेवाले मशीन बंद करून उभे राहिले. मी म्हटलं, "मी मुलीकडची. बोलायला आले आहे. बसा म्हणणार की नाही?"

त्यांनी घाईघाईने खुर्ची पुसली, आधीच स्वच्छ असलेली. मग म्हणाले, "मागच्या खोलीला लागून आणखी एक खोली आहे. मी रिकामी केलीय. त्या तुम्हाला सोडून येणार नसतील तर तुम्हीही या. तिघं राहू."

"म्हणजे नणंद सासरी जाताना मी पाठराखीण म्हणून यायचं? आणि कायमचं?" मला हसू आलं आणि डोळे पण भरून आले. "नको हो. माझं घर आहे, तिथेच मी बरी. पण म्हणालात ते लक्षात ठेवीन. एकच विचारते, तिला हसवाल ना? तिला पोट धरून हसायला लागतं अधूनमधून."

"मला फारसं बोलता येत नाही," ते म्हणाले. "पण बादलीत मशीन फिरवता येतं."

माणूस पटला होता तो पहिल्या दिवशीच.

घरी आले तेव्हा वन्सं परातीत स्पंज दाबत बसली होती. मी समोर पाट ओढून बसले.

"कधी सांगणार होतीस?"

"काय?"

"आता मी त्यांच्याकडे जाऊन ठरवून आलेय. आता तरी सांग."

तिचे हात पाण्यातच राहिले. "काय ठरवून आलीस? मी नाही म्हणालेय."

"ते कळलं. त्यांनी विचारल्यावर माझ्यासाठी नाही म्हणालीस. आता मी विचारते. स्वतःसाठी काय म्हणतेस?"

"या वयात? लोक हसतील, वहिनी."

"हसू देत. लाँड्रीतल्या बायका असत्या तर आधी हसल्या असत्या आणि मग आपल्याआधी नटूनथटून हजर झाल्या असत्या."

"आणि तू?"

मला काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं, पण ते सगळं विसरले. म्हटलं, "मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सगळे मोठ्या खोलीत बसलेले आणि मी जिन्यात उभी. कुणाशी बोलावं कळत नव्हतं. तू आलीस, शाळेची फीत अजून केसांत होती तुझ्या. अर्धा पेरू माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, चौथ्या पायरीवर पाय जपून ठेव, ती वाजते. आठवतं? त्या दिवसापासून आजपर्यंत या घरात मी एकटी कधी नव्हते. माझं भरपूर झालंय गं. आता तुझं होऊ दे."

"तू जेवणार नाहीस."

"जेवेन. रोज दुपारी तू इथे कामाला येणारच आहेस. पॅडं काय मी एकटी धुणार?"

तिने साबणाच्या हातांनी तोंड झाकलं. मग डोळ्यांत साबण गेला म्हणून ओरडली, आणि मी तिच्या तोंडावर पाणी मारलं, आणि आम्ही दोघी हसलो का रडलो ते मलाही सांगता येणार नाही. जमीन मात्र पुन्हा पुसावी लागली.

२० मे

नोंदणी झाली. लेक आली होती. साक्षीदार म्हणून मी, लेक आणि गॅरेजवाल्यांपैकी एक. सही करताना आरसेवाल्यांनी पेन इतकं दाबलं की कागद फाटायला आला, तेव्हा वन्सं हळूच म्हणाली, "दाबायचं नाही. पेनाला त्याच्या वजनाने चालू द्या." साहेबांना काही कळलं नाही, पण तेही हसले.

तिचं सामान म्हणजे शिलाई मशीन आणि दोन पेट्या. कोपऱ्यापर्यंतच तर न्यायचं होतं. लेक आणि मी मशीन उचलून चाललो आणि पुढे ती. वाटभर ती मागे वळून सांगत होती, "हळू, हळू, वहिनी, पाठ जप."

२३ मे

लेक सकाळी परत गेली. आज पहिला कामाचा दिवस.

वन्सं वेळेवर आली. दार वाजवलं! मी उघडलं तर दोघीही ओशाळलो. या दाराची किल्ली तिच्याकडे मी यायच्या आधीपासून आहे. मग नेहमीसारखं काम. बारा पॅडं होती, त्यातली दोन पार दगड झालेली. कोमट पाणी, साबण, अंगठे. दुपारी ती माझ्यासमोर जेवायला बसली आणि आरसेवाल्यांची नक्कल केली, गिऱ्हाईकाशी न बोलता कसे बोलतात त्याची. मी पोटभर जेवले.

संध्याकाळी सगळं वाळून डब्यांत गेलं. तिने हात पुसले, पिशवी घेतली आणि दाराशी जाऊन थांबली. मीही थांबले. आम्हाला दोघींनाही पुढचं येईना. इतक्या वर्षांत ती बाजारात गेली असेल, शिलाईची मापं घ्यायला गेली असेल, पण ते जाणं नव्हतं. या दारात उभं राहून एकमेकींचा निरोप आम्ही कधी घेतलाच नव्हता.

ती पायात चपला सरकवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं. जाते मग."

"वन्सं," मी म्हटलं, "एवढी मोठी झालीस, कुणी शिकवलं नाही का तुला? जाते म्हणू नये."

ती वळली. नव्या चष्म्यामागे डोळे भरलेले.

"येते, वहिनी," ती म्हणाली.

"ये," मी म्हटलं.